विहिरीत किंवा शेततळ्यात तेल सांडल्यास : तवंग उचलण्याची क्रमवार पद्धत

विहिरीत डिझेल सांडले की आपल्याकडे बहुधा तीन गोष्टी घडतात. कोणी मोटर चालू करून वरचे पाणी काढून टाकू पाहतो, कोणी धुण्याची पावडर टाकून बांबूने ढवळतो, आणि कोणी हाताशी असलेला जुना टॉवेल दोरीला बांधून पाण्यात सोडतो. मोटर तवंग ओढत नाही, कारण फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, खोल असतो. उपशाने पाण्याची पातळी मात्र खाली जाते आणि उतरता तवंग विहिरीच्या दगडांना चिकटत जातो. पावडरमुळे तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळते, आणि एकदा मिसळलेले तेल शोषकाने, म्हणजे तेल ओढून घेणाऱ्या मालाने, उचलता येत नाही. टॉवेल तर पाणी पिण्यासाठीच बनवलेला असतो. तो पाणी पितो, जड होतो आणि थोडेसे तेल घेऊन तळाला जातो.

योग्य क्रम असा आहे : आधी तेलाची गळती थांबवणे, मग तवंग एका जागी घेरणे, मग जाड थर भांड्याने काढणे, आणि त्यानंतरच उरलेल्या पातळ थरासाठी शोषक वापरणे. शोषक सर्वांत आधी टाकला तर तो वाया जातो. म्हणून घाई कितीही असली तरी हा क्रम मोडू नये.

## ही पद्धत कोणत्या प्रसंगासाठी आहे

विहीर, शेततळे, हौद किंवा छोटा ओढा अशा ठिकाणी साधारण ५० लिटरपर्यंत डिझेल, इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, गिअर ऑइल किंवा खाद्यतेल सांडले असेल, तर पुढील पद्धत दोन-तीन माणसांना पेलण्यासारखी आहे. गाळ काढताना यारीच्या, म्हणजे विहिरीतला माल वर ओढणाऱ्या यंत्राच्या, इंजिनातून झालेली गळती, पोकलेनचा फुटलेला हायड्रॉलिक पाइप, काठावर कलंडलेला डिझेलचा कॅन हे सोलापूर जिल्ह्यातील नेहमीचे प्रसंग याच मापाचे असतात.

हैदराबाद किंवा पुणे रस्त्यावर टँकर उलटून तेल ओढ्यात उतरले असेल, अथवा उजनीच्या जलाशयात, कालव्यात किंवा हिप्परग्याच्या तलावात तेल पसरले असेल, तर हे काम आपले नाही. अशा वेळी ११२ किंवा अग्निशमनाच्या १०१ क्रमांकावर कळवावे, जलसंपदा विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातील कार्यालयाला माहिती द्यावी आणि लोकांना दूर ठेवावे. उजनीवर आणि हिप्परग्यावर शहराचे पिण्याचे पाणी अवलंबून असल्याने तेथे वेळेवर दिलेली खबर हीच सर्वांत मोठी मदत ठरते.

इशारा : सांडलेला पदार्थ पेट्रोल असेल तर शोषक टाकू नये आणि जवळही जाऊ नये. पेट्रोलची वाफ साध्या तापमानालाही ठिणगीने पेटते. कापसात भिजलेले पेट्रोल म्हणजे पेट घ्यायला तयार असलेला काकडा. लोकांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला हलवून अग्निशमन दलाची वाट पाहावी.

डिझेल पेट्रोलपेक्षा सुरक्षित हे खरे असले, तरी सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यावर विसंबू नये. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, किमान ३५ अंश सेल्सिअस असावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत येथील दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. त्यामुळे विडी, मोबाइलचा चार्जर, स्टार्टरची पेटी, वेल्डिंग यांपैकी काहीही विहिरीच्या तोंडाशी नको.

## टप्पा १ : पहिली दहा मिनिटे

१. गळती थांबवावी. कॅन उभा करावा, व्हॉल्व्ह बंद करावा, फुटलेला पाइप वर उचलून बांधावा. तेल पडत असताना पाण्यावर काम सुरू करण्यात अर्थ नाही.

२. मोटर बंद करावी आणि ऑटो स्टार्टर आवर्जून बंद करावा. शेतीची वीज पाळीने येते, बऱ्याचदा रात्री येते, आणि ऑटोवर ठेवलेली मोटर माणूस नसताना सुरू होते. दिवसभर घेरलेला तवंग त्या एका उपशात पुन्हा विस्कटतो, आणि पाण्यात मिसळलेले तेल ठिबकच्या नळ्यांत पोहोचले तर फिल्टर आणि रबरी वॉशर खराब होतात. फ्यूज काढून खिशात ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

३. काठावर सांडलेले तेल आधी अडवावे. विहिरीच्या कडेला मातीचा वीतभर बांध घालावा आणि जमिनीवरच्या तेलावर कोरडी माती, राख किंवा उसाच्या चिपाडाचा भुसा पसरावा. जमिनीवर हे चालते. पाण्यात यांपैकी काहीही सुटे टाकू नये, कारण माती आणि राख तेलासकट बुडतात आणि मग ते तेल तळातून महिनोन्महिने वर येत राहते.

४. जनावरांचे पाणी आणि पिण्याचे पाणी त्या विहिरीवरून बंद करावे, आणि शेजाऱ्यांना प्रत्यक्ष जाऊन सांगावे.

इशारा : विहिरीत उतरू नये. तेलाची वाफ हवेपेक्षा जड असते आणि विहिरीच्या तळाशी साचते. खोल विहिरीत आधीच प्राणवायू कमी असू शकतो. हवा तपासण्यासाठी पेटता कंदील खाली सोडण्याची जुनी रीत येथे कधीही वापरू नये, कारण हवा तपासण्याऐवजी तो वाफ पेटवू शकतो. पुढील सर्व काम काठावरून दोरीने करायचे आहे.

## टप्पा २ : तेल ओळखणे आणि मोजणे

किती तेल सांडले याचा अंदाज तवंगाकडे पाहून बांधू नये. तवंग नेहमी असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. कॅन किती भरलेला होता आणि किती उरला, टाकीची पातळी कोठे होती, यावरून आकडा काढावा.

एक हिशेब मनात असू द्यावा : १ चौरस मीटर पाण्यावर १ लिटर तेल पसरले तर थर १ मिलिमीटर जाडीचा होतो. ८ मीटर व्यासाच्या विहिरीचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर असतो, म्हणजे ५ लिटर डिझेल सगळीकडे पसरले तर थर फक्त ०.१ मिलिमीटर होईल. इतका पातळ थर परातीने निघत नाही आणि शोषकही त्यावर नीट भरत नाही. तेच ५ लिटर आपण एका बाजूच्या ५ चौरस मीटरमध्ये ढकलले, तर थर १ मिलिमीटरचा होतो आणि काम सोपे होते. टप्पा ५ मधील घेरणे टाळता येत नाही, ते या हिशेबामुळेच.

तेलाचा प्रकारही नोंदवावा. डिझेल पातळ असल्याने शोषकात लवकर शिरते. जुने इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल घट्ट असल्याने त्यांना वेळ लागतो, आणि त्यांच्यासाठी शोषकही वेगळा लागतो.

## टप्पा ३ : शोषक निवडणे

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. पाण्यावरच्या तेलासाठी शोषकात दोन गुण एकाच वेळी हवेत : त्याने तेल धरले पाहिजे आणि पाणी नाकारले पाहिजे. फक्त पहिला गुण पाहून वस्तू निवडली की काम फसते.

कोरा कापूस. कपाशीच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो. त्या मेणामुळे न धुतलेला, न ब्लीच केलेला कापूस पाण्यावर तरंगतो आणि तेल मात्र ओढून घेतो. कापूस उकळला, ब्लीच केला, रंगवला की हे मेण जाते आणि तोच कापूस पाणी पिऊ लागतो. औषधांच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस, टॉवेल, चादरीच्या चिंध्या, गॅरेजमधली बनियनची वेस्ट ही सगळी मेण गेलेली कापडे आहेत. मागावरचे सूत कोरे दिसले तरी सायझिंगमध्ये त्याला खळ लागलेली असते, म्हणून तेही नको. सूतगिरणीत गाठी फोडून कापूस साफ करताना निघणारा वेस्ट, किंवा जिनिंगमधला सरकी काढलेला रुईचा कापूस, हा योग्य माल होय. गादीवाल्याकडचा कापूस घेतला तर तो पूर्वी वापरलेला किंवा कृत्रिम धागा मिसळलेला असू शकतो. चाचणीशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

न धुतलेली लोकर. सांगोला, मंगळवेढ्याकडे मेंढ्यांची कातरलेली जाडीभरडी लोकर स्वस्तात मिळते. मेंढीच्या अंगची चरबी तिच्यात असते, त्यामुळे ती पाणी नाकारते आणि तेल चांगले धरते. लोकर सुटी हवी. घट्ट विणून चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी या कामाची नाही.

पॉलिप्रोपिलीनचे पॅड. औद्योगिक साहित्याच्या दुकानांत प्लास्टिकच्या धाग्यांचे हे पॅड आणि लांब गुंडाळ्या मिळतात. घेताना रंग पाहावा. पांढरे पॅड सहसा फक्त तेल घेतात. करडे पॅड तेल आणि पाणी दोन्ही घेतात आणि ते कारखान्याच्या फरशीसाठी असतात. पिवळे रसायनांसाठी असतात. पाण्यावर पांढरेच वापरावेत. स्वस्त पडतात म्हणून करडे पॅड आणणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते सारे पॅड पाण्याने फुगून खाली गेले.

खताच्या गोणीच्या पट्ट्या. रिकामी, स्वच्छ धुतलेली विणलेली प्लास्टिकची गोणी उसवून तिचे धागे मोकळे केले आणि त्यांचा झुपका बांधला, तर घट्ट तेल त्या धाग्यांना चिकटते. गिअर ऑइलसारख्या जाड तेलासाठी कापसापेक्षा हा झुपका उपयोगी पडतो, कारण जाड तेल कापसाच्या आत शिरत नाही, वरच बसते. डिझेलसाठी मात्र तो निरुपयोगी आहे.

कडब्याची कुट्टी, लाकडाचा भुसा आणि चिपाड हे शेवटचे पर्याय समजावेत. ते सुरुवातीला तरंगतात आणि तेलही घेतात, पण काही तासांत पाणी पिऊन बुडतात. वापरायचेच झाले तर जाळीच्या पिशवीत भरून, दोरी बांधून, आणि तासाभरात बाहेर काढण्याच्या तयारीने वापरावेत. सुटे कधीही टाकू नयेत.

आपल्या हाताशी असलेला माल कोणता आहे हे नावावरून ठरवू नये, चाचणीवरून ठरवावे.

१. बादलीत साधे पाणी घेऊन त्यात मूठभर माल टाकावा, काठीने हलवावे आणि १५ मिनिटे थांबावे. जो बुडाला, तो बाद.

२. दुसऱ्या बादलीत पाण्यावर बोटभर डिझेल घ्यावे. १० ग्रॅम माल त्यावर १५ मिनिटे ठेवावा, झाऱ्याने उचलून ३० सेकंद निथळू द्यावा आणि वजन करावे. वजन ६० ग्रॅमच्या वर गेले तर १ किलो माल ५ किलोच्या वर तेल धरेल असे मानावे.

३. तो माल काचेच्या बाटलीत पिळावा आणि बाटली स्थिर ठेवावी. खाली साचलेल्या पाण्याचा थर तेलाच्या थराच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर तो माल नाकारावा.

आता किती माल लागेल ते पाहू. १० लिटर डिझेलचे वजन साधारण ८.३ किलो होते. पाचपट धरणाऱ्या कापसाने हिशेब केला तर १.७ किलो पुरेल असे दिसते. पण प्रत्यक्ष कामात प्रत्येक पुंजका पूर्ण भरत नाही, म्हणून दुप्पट, म्हणजे साडेतीन किलो, जवळ ठेवावा. तवंग अडवण्यासाठी टप्पा ४ मध्ये जो तरंगता घेर बनवायचा आहे, त्याचा कापूस यात धरलेला नाही.

## टप्पा ४ : साहित्य आधी मांडावे, मग पाण्याला हात लावावा

अर्धे काम झाल्यावर टिपाड आणायला माणूस गावात गेला, आणि तोवर कापूस पाण्यावर भिजत राहिला, असे बऱ्याचदा होते. पुढील वस्तू काठावर असल्याशिवाय सुरुवात करू नये :

- कांद्याच्या जाळीच्या पिशव्या, नायलॉनची दोरी आणि झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या
- मोठी परात किंवा घमेले, त्याच्या कडेला समान अंतरावर तीन दोऱ्या बांधलेले
- तळाला तोटी असलेले प्लास्टिकचे टिपाड, आणि तेलकट मालासाठी झाकणाचे दुसरे टिपाड
- लांब बांबूला बांधलेला झारा किंवा जाळीचा पंजा
- नायट्राइलचे हातमोजे, बूट, आणि काठाजवळ काम करणाऱ्याच्या कमरेला बांधायचा दोर, ज्याचे दुसरे टोक झाडाला किंवा खांबाला पक्के असेल
- हवा भरलेली ट्यूब, कोणी पडल्यास फेकण्यासाठी

सुती हातमोजे तेल शोषून ते कातडीला लावतात, म्हणून ते नकोत. कापडी मास्कने वाफ अडत नाही. डोके जड वाटले तर लगेच काठापासून दूर जावे.

घेर असा बनवावा : कांद्याच्या पिशवीत कोरा कापूस सैलसर भरून मांडीएवढ्या जाडीची वळी करावी. दाबून भरू नये, कारण तेल तंतूंच्या मधल्या पोकळीत बसते आणि दाबलेल्या कापसात ती पोकळीच राहत नाही. अशा वळ्या एका दोरीवर ओळीने बांधाव्यात, प्रत्येक जोडावर एक वळी दुसरीवर वीतभर चढलेली असावी, आणि दर हातभर अंतरावर एक बाटली बांधावी. विहिरीच्या व्यासापेक्षा घेर दोन मीटर लांब असावा. ८ मीटरच्या विहिरीला १० मीटर.

तपासणी : घेर पाण्यात सोडण्यापूर्वी प्रत्येक गाठ ओढून पाहावी. सुटलेली एक वळी म्हणजे तेलाला मिळालेली वाट.

कामाची वेळ पहाटेनंतरची निवडावी. तवंग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने सरकतो, आणि दुपारच्या वाऱ्यात शेततळ्यावरचा तवंग आपल्याआधी दुसऱ्या काठाला पोहोचतो. सकाळी वारा कमी असतो आणि वाफही कमी असते.

## टप्पा ५ : तवंग घेरून एका बाजूला आणणे

गोल विहिरीत दोन माणसांनी घेराची दोन टोके धरावीत. ज्या बाजूला मोटरचा पाइप आहे त्या बाजूने सुरुवात करावी आणि घेर पाइपाच्या मागून पाण्यात सोडावा, म्हणजे पुढे अडथळा राहणार नाही. मग दोघांनी काठाने, एकाने डावीकडून आणि दुसऱ्याने उजवीकडून, समोरच्या बाजूला अगदी सावकाश चालत जावे. घेर पाण्यावरून सरकत जातो आणि तवंग त्याच्यापुढे जमा होतो. भिंतीशी घेराचे टोक टेकलेलेच राहिले पाहिजे. तेल नेहमी तेथूनच निसटते. पाणी खोल असेल तर टोकाच्या दोऱ्या लांब ठेवून त्यांना दगड बांधावा, म्हणजे टोक भिंतीला लागून राहील.

वेग हीच येथील मुख्य चूक आहे. घेर ओढताना त्याच्यापुढे लाट उठत असेल तर तेल खालून मागे जाते आहे असे समजावे. एका पावलाला एक श्वास इतक्या गतीने चालावे.

शेततळ्यात वारा ज्या काठाला वाहतो त्या कोपऱ्यात तवंग आपोआप साचतो, म्हणून वाऱ्याविरुद्ध काम न करता तोच कोपरा घेराने बंद करावा. शेततळ्याच्या प्लास्टिकवर चालू नये. ओलसर तेलकट प्लास्टिकवरून पाय घसरला की माणूस थेट पाण्यात जातो आणि उतारावरून वर येता येत नाही.

तपासणी : घेराच्या मागच्या स्वच्छ बाजूला पाच मिनिटे पाहत राहावे. तेथे रंगीत पट्टे वाढताना दिसले तर जोड निसटला आहे; पुढे जाण्यापूर्वी दुसरी वळी लावावी.

## टप्पा ६ : जाड थर परातीने काढणे

तवंग एका जागी आल्यावर परात तीन दोऱ्यांवर सपाट सोडावी आणि एका बाजूची कड तेलाच्या थराखाली किंचित, अगदी दोन-तीन मिलिमीटर, जाईल अशी कलती करावी. तेल कडेवरून आत वाहते. परात खोल बुडवली तर पाणीच भरते.

काढलेले मिश्रण तोटीच्या टिपाडात ओतून अर्धा तास स्थिर ठेवावे. तेल वर येते, आणि खालचे पाणी तोटीने काढता येते. हे पाणी स्वच्छ दिसले तरी पूर्ण स्वच्छ नसते; ते घेराच्या आतल्या बाजूलाच परत सोडावे, शेतात किंवा घेराबाहेर नव्हे.

परातीत तेलापेक्षा पाणी जास्त येऊ लागले की हा टप्पा संपला.

## टप्पा ७ : शोषक टाकणे, थांबणे, उचलणे

१. शोषक जाळीच्या छोट्या पिशव्यांत, उशीच्या आकारात आणि दोन बोटे जाडीत भरावा. प्रत्येक पिशवीला स्वतंत्र दोरी असावी आणि दोरीला क्रमांकाची गाठ किंवा रंगीत चिंधी बांधावी, म्हणजे जितक्या टाकल्या तितक्याच काढल्या हे मोजता येते.

२. पिशव्या तवंगाच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या बाजूकडे ठेवत जाव्यात. मधोमध फेकल्या तर तवंग बाजूला सरकतो आणि घेरावर दाब येतो. उंचावरून टाकू नये, दोरीने सोडाव्यात.

३. डिझेलसाठी १० मिनिटे, इंजिन ऑइलसाठी २० ते ३० मिनिटे थांबावे. मध्ये एकदा दोरी हलवून पिशवी उलटावी, कारण खालची बाजू आधी भरते आणि वरची कोरडी राहते. सतत ढवळू नये.

४. पिशवी उचलताना पाण्याच्या लगेच वर ३० सेकंद थांबावे, निथळणारे थेंब घेराच्या आत पडू द्यावेत, आणि मग ती थेट परातीत घेऊन काठावर आणावी. लोंबकळत आणलेली पिशवी विहिरीचे स्वच्छ दगड पुन्हा तेलकट करते.

५. पिशवी टिपाडावर पिळून तेल काढावे आणि पुन्हा वापरावी. कोरा कापूस दोन-तीनदा चालतो, नंतर त्याची पोकळी मोडते. पॉलिप्रोपिलीनचे पॅड याहून जास्त वेळा चालतात. पिळल्यावर तेलाऐवजी मुख्यतः पाणी येऊ लागले की ती पिशवी बाद करावी.

इशारा : कापसाच्या किंवा लोकरीच्या पिशव्या रात्रभर पाण्यात ठेवू नयेत. संध्याकाळी काम अपुरे राहिले तर भरलेल्या पिशव्या काढून घ्याव्यात, फक्त घेर ठेवावा, आणि तोही जड झाला असेल तर नव्या वळ्यांनी बदलावा.

तपासणी : टाकलेल्या आणि काढलेल्या पिशव्या मोजाव्यात. एक कमी असेल तर ती गळाने शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## टप्पा ८ : उरलेली रंगीत आणि चंदेरी झिलई

पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसत आहेत तोवर लोकांना काम अपुरे वाटते आणि ते पुन्हा पावडरकडे वळतात. येथे आकडे धीर देतात. रंगीत झिलईची जाडी साधारण ०.३ ते ५ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि चंदेरी झिलई ०.३ मायक्रॉनपेक्षाही पातळ असते. ५० चौरस मीटरच्या विहिरीवर सगळीकडे चंदेरी झिलई असली, तरी ते तेल १५ मिलिलिटरपेक्षा, म्हणजे तीन लहान चमच्यांपेक्षा, जास्त नसते.

रंगीत झिलईसाठी कोऱ्या, न वापरलेल्या पिशव्यांची एक ओळ दोरीवर बांधून पाण्यावरून सावकाश दोन-तीन वेळा फिरवावी. चंदेरी झिलई सोडून द्यावी. ऊन, हवा आणि पाण्यातले सूक्ष्मजीव तिचे काम करतात. तिच्यामागे शोषक वाया घालवू नये.

## वाहत्या पाण्यात काय बदलते

ओढ्यात तेलाच्या मागे धावू नये, त्याच्या पुढे जाऊन पाणी संथ आणि पात्र अरुंद असेल अशी जागा गाठावी. कडब्याचा तुकडा पाण्यात टाकून १० मीटर जायला किती वेळ लागतो ते मोजावे. ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल तर आडवा लावलेला घेर तेल धरणार नाही, ते त्याच्या खालून जाईल. अशा वेळी घेर प्रवाहाला तिरका लावावा, म्हणजे तेल कडेला सरकत येते आणि तेथे परात व शोषक वापरता येतात. एकामागे एक असे दोन घेर, मध्ये चार-पाच मीटर अंतर ठेवून, लावणे केव्हाही चांगले.

लहान ओढ्याला मातीचा बांध घालून त्यात प्लास्टिकचा पाइप तिरका बसवता येतो : वरच्या प्रवाहाकडचे तोंड तळाशी आणि खालच्या प्रवाहाकडचे तोंड उंच. खालचे स्वच्छ पाणी पाइपातून पुढे जाते आणि तवंग बांधामागे अडतो. पाइप उलटा बसवला तर अडवलेले सगळे तेल पुढे जाते, म्हणून माती टाकण्यापूर्वी तोंडे पुन्हा पाहावीत.

## टप्पा ९ : भिंत, पाइप आणि प्लास्टिक पुसणे

पाण्यावरचे काम झाल्यावरच हा भाग घ्यावा. मोटरचा पाइप, दोर आणि हात पोहोचेल तेवढा दगडांचा पट्टा कोरड्या कापसाने पुसावा. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाण्याच्या रेषेला तेल राहू देऊ नये, तेलाच्या दीर्घ संपर्काने प्लास्टिक फुगून कमजोर होते. हे पुसताना घेर पाण्यात असलाच पाहिजे.

## टप्पा १० : तेलकट कापसाची व्यवस्था

पिळलेला कापूस बांधावर जाळणे, खड्ड्यात पुरणे, उकिरड्यात टाकणे किंवा चुलीसाठी देणे, हे चारही प्रकार तेल पुन्हा आपल्याच हवेत, मातीत आणि पाण्यात आणतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल आणि तेलाने माखलेल्या चिंध्या या दोन्ही गोष्टी घातक कचऱ्याच्या यादीत आहेत. कारखान्याने असा कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये आणि तो अधिकृत संकलकाकडेच द्यावा, असे बंधन आहे. शेतकऱ्याकडचा माल थोडा असतो. तो झाकणाच्या टिपाडात, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, सावलीत ठेवावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून अधिकृत संकलकाकडे पोहोचवावा. काढलेले तेलही त्याच वाटेने जावे. पाणी मिसळलेले डिझेल इंजिनात पुन्हा टाकू नये.

इशारा : सांडलेले तेल करडईचे किंवा जवसाचे असेल तर जास्त काळजी घ्यावी. ही तेले हवेत वाळताना उष्णता सोडतात. त्यांत भिजलेला कापूस ढिगाने ठेवला तर आत उष्णता कोंडते आणि तो काडी न लावता पेटू शकतो. करडई आपल्या जिल्ह्यातील जुने पीक असल्याने घाण्याजवळच्या हौदात हे तेल सांडण्याचा प्रसंग येऊ शकतो. असा कापूस पाण्यात भिजवून, घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात, घरापासून आणि कडब्याच्या गंजीपासून दूर ठेवावा.

## टप्पा ११ : पाणी पुन्हा वापरण्यापूर्वी

घेर काढण्याआधी एक दिवस पाणी स्थिर राहू द्यावे. दुसऱ्या सकाळी पांढरी बशी तिरकी धरून पृष्ठभागावर ठेवावी आणि उचलून उन्हात पाहावी. तेलाचा डाग किंवा वास नसेल तर घेर सावकाश, तवंगाच्या बाजूने आत गुंडाळत काढावा.

मोटर प्रथम सुरू करताना ठिबकचा फिल्टर वळसा देऊन बाजूला ठेवावा आणि पहिले पाणी एका खड्ड्यात घेऊन पाहावे. पिण्यासाठी हे पाणी प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय वापरू नये. नमुना देताना तेल व ग्रीस यांची तपासणी हवी असे स्पष्ट लिहून द्यावे, कारण नेहमीच्या पाणी तपासणीत क्षार, फ्लोराइड, नायट्रेट आणि जिवाणू पाहिले जातात, तेल पाहिले जात नाही. नमुना काचेच्या बाटलीत घ्यावा; प्लास्टिकला तेल चिकटते आणि आकडा कमी येतो.

दगडांच्या सांध्यांत राहिलेले तेल पाण्याची पातळी वाढली की पुन्हा वर येते. म्हणून कोऱ्या कापसाच्या चार-पाच वळ्या कोरड्या जागी जपून ठेवाव्यात, पहिला मोठा पाऊस होऊन विहिरीला पाणी आले की त्या दोन दिवस पाण्यावर सोडाव्यात, आणि पिण्याच्या पाण्याचा दुसरा नमुना त्यानंतर द्यावा.